सिबिलचा अलर्ट आला तर नेमकं काय करायचं

"अमुक फायनान्स कंपनीने तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला आहे" असा मेसेज मोबाईलवर आला की लोक दोनपैकी एक करतात, एकतर लोनवाल्यांची जाहिरात समजून उडवून टाकतात, नाहीतर हातपाय गाळून त्यातल्याच लिंकवर बोट दाबतात. दोन्हीत घाटा आपलाच. त्या मेसेजमधून तुम्हाला एवढंच विचारून राहिले की बाप्पा, हे लोन तूच मागितलं का? हो असेल तर विषय संपला. नाही असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार टाकायची, फोनवर ओरडून काही होत नाही, कारण पुढे जे काही नियम तुमच्या बाजूचे आहेत ते सगळे तक्रारीच्या तारखेपासून दिवस मोजतात.

हे मी मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी लिहून राहिलो ज्यांचं आत्ता कुठे सुरू झालं, म्हणजे नागपुरात मिहानला किंवा हिंगण्याला पहिली नोकरी लागली, पहिलं क्रेडिट कार्ड हातात आलं, सीताबर्डीवरून हप्त्यावर फोन घेतला, आणि आता असे मेसेज येऊन राहिले ज्यातलं अर्धं कळत नाही. ज्यांचं होम लोन अर्धं फिटलं त्यांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांचेही घोळ कमी नसतात.

हे मेसेज पाठवते कोण

देशात क्रेडिट ब्युरो, म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद (क्रेडिट रिपोर्ट) ठेवून त्यावर गुण (स्कोअर) देणाऱ्या कंपन्या, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही २००५ च्या कायद्याखाली चालतात आणि वरून रिझर्व्ह बँकेची नजर. आपल्याकडे सगळे सरसकट सिबिलच म्हणतात, मीपण तसंच म्हणीन, पण एका ब्युरोत जे दिसते ते दुसऱ्यात दिसेलच असं नाही, आणि स्कोअरही चार ठिकाणी चार निघतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ ला परिपत्रकं काढली आणि कंपन्यांना सहा महिने दिले, म्हणजे एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, कोणत्याही बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं तुमचा रिपोर्ट काढला की ब्युरोनं तुम्हाला एसएमएस नाहीतर ईमेल करायचा. दुसरी, तुमचा हप्ता थकला आणि बँक ते ब्युरोला कळवून राहिली तर बँकेनं तुम्हालाही कळवायचं. म्हणजे हे अलर्ट फुकट आहेत आणि ते मिळणं तुमचा हक्क आहे, त्यासाठी कोणता प्लॅन घ्यायची गरज नाही.

याशिवाय तिसरी जात आहे, फ्री स्कोअर दाखवणाऱ्या ॲपची. "तुमचा स्कोअर बदलला, आत्ताच पहा" आणि उघडलं की खाली पाच लाखाचं प्री-अप्रूव्ह्ड लोन. हे अलर्ट खोटे नसतात पण त्यांचा धंदा लोन विकायचा आहे हे ध्यानात ठेवून वाचायचे. स्कोअर पाच पॉइंटनं इकडचा तिकडे झाला म्हणून कोणी रात्रीची झोप घालवू नये.

आता एक मेख आहे. अलर्ट येते ती ब्युरोकडे असलेल्या मोबाईल नंबरवर आणि ईमेलवर, आणि ब्युरोकडे तो नंबर जाते तुमच्या बँकेकडून. कॉलेजात असताना खातं उघडलं तेव्हाचं सिम बंद पडलं असेल, तर तुमचे अलर्ट आज तो नंबर ज्याला मिळाला त्याच्या फोनवर वाजत असतील. त्यामुळे खरी पहिली पायरी ही, की ज्या ज्या बँकेत, कार्डात, फायनान्स कंपनीत तुमचं काही चालू आहे तिथं तिथं नंबर आणि ईमेल आजचा आहे का ते पाहून घ्या. आईबाबांचंही बघा. बाबांच्या खात्याला मोठ्या मुलाचा जुना नंबर आणि तो मुलगा पुण्याला, असं नागपुरात घरोघरी सापडते.

मेसेज खरा का खोटा

याच्यावर लोक फार डोकं लावतात, मी म्हणतो लावूच नका. खरा असो की खोटा, आपण करायचं एकच, मेसेजमधली लिंक उघडायची नाही, त्यातल्या नंबरवर फोन लावायचा नाही. स्वतः ब्राउझर उघडून ब्युरोची साइट टाइप करायची किंवा बँकेच्या ॲपमध्ये जायचं आणि तिथून बघायचं. खरा असेल तर तिथंही तेच दिसेल.

तरी माहिती म्हणून, खरा मेसेज दहा आकडी साध्या मोबाईल नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या हेडरवरून (नंबरच्या जागी दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) येते आणि आता त्याच्या शेवटी एक अक्षर लागते: एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन, जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे प्रमोशन. शेवटी पी असेल तर ती जाहिरात, सोडून द्या. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठेवलेत. आणि जो फोन करून म्हणते की "सर तुमचा सिबिल खराब झाला, ओटीपी सांगा लगेच दुरुस्त करून देतो" तो चोर आहे, पुढचं ऐकायची गरजच नाही.

रिपोर्ट स्वतः काढा

प्रत्येक ब्युरोनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या फुकट रिपोर्टची लिंक साइटवर ठळक दिसली पाहिजे असंही सांगितलंय. ठळक म्हणजे किती ठळक हा ज्याचा त्याचा प्रश्न, पैशेवाले प्लॅन वरती रंगीत डब्यात बसलेले राहतात, तुम्ही जरा शांतपणे खाली सरकवत "फ्री" कुठं लिहिलंय ते शोधा. पॅन, जन्मतारीख, मोबाईल, ओटीपी, एवढ्यात काम होते. कार्ड नंबर मागून राहिला म्हणजे तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की चांगले शिकलेले लोकंही बघायला भितात. बँकेनं लोनसाठी बघितला तर ती हार्ड इन्क्वायरी, तिचा स्कोअरवर थोडा परिणाम होते. आपण बघितला तर सॉफ्ट, तिचा काही नाही.

पीडीएफ उघडली की एकदम स्कोअरकडे नका पळू. वरती कंट्रोल नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतःचा नंबर, असते तो आधी वहीत लिहा, तक्रार करताना तोच मागतात. मग चार भाग बघायचे: नाव-पत्ते-फोन, खाती, प्रत्येक खात्याचा महिन्यानुसार हिशोब, आणि शेवटी इन्क्वायऱ्या. त्या महिन्यांच्या चौकटींत नवीन माणूस हमखास अडकते, म्हणून थोडं थांबून सांगतो. ३६ महिन्यांपर्यंतचा हिशोब राहते आणि दर महिन्याखाली तीन अक्षरं किंवा तीन आकडे. ००० म्हणजे सगळं वेळेवर. ०३० म्हणजे त्या महिन्यात तीस दिवस थकलेलं होतं. तीन फुल्या असतील तर त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवलीच नाही, तुम्ही बुडवलं असा त्याचा अर्थ नाही. इंग्रजी एसटीडी म्हणजे स्टँडर्ड, चांगलं. एसएमए म्हणजे खातं घसरायला लागलं. एसयूबी दिसलं म्हणजे नव्वद दिवसांच्या वर गेलं, डीबीटी आणि एलएसएस त्याच्याही पुढची पायरी, तिथं मात्र बँकेत जाऊन बसायची वेळ आली.

खात्याच्या बाजूला ओनरशिप असं लिहिलेलं असते, तेही वाचा. तिथं "गॅरंटर" लिहिलं असेल तर ते लोन तुम्ही घेतलेलं नाही, तुम्ही जामीन राहिलेले आहात. साळ्याच्या ट्रॅक्टरला, ऑफिसातल्या मित्राच्या पर्सनल लोनला सही केली आणि विसरून गेले, आणि तिकडे तो हप्ते भरून नाही राहिला. तो डाग तुमच्या रिपोर्टवर बसते आणि त्यात बँकेची काही चूक नाही. त्यावर तक्रार चालणार नाही, साळ्यालाच फोन लावावा लागेल.

कोणता अलर्ट म्हणजे काय

सगळ्यात जास्त येतात ते इन्क्वायरीचे, आणि त्यातले बहुतेक तुमचेच निघतात, फक्त तुम्हाला नाव ओळखू येत नाही. समजा तुम्ही सक्करदऱ्याच्या दुकानातून फ्रिज घेतला, काउंटरवरच्या पोरानं टॅबवर तुमचा फोटो काढला, ओटीपी विचारला, म्हणाला "भैया झिरो पर्सेंट आहे, फक्त एलिजिबिलिटी बघून राहिलो". दोन दिवसांनी अलर्टमध्ये कंपनीचं असं नाव येते जे दुकानाच्या बोर्डावर नव्हतं, पोराच्या टीशर्टवरही नव्हतं. कारण दुकानवाला आणि ॲपवाला फक्त गिऱ्हाईक आणून देतात, पैसे देणारी एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) मागे दुसरीच असते आणि रिपोर्टमध्ये नाव तिचं येते. मोबाईलवरच्या लोन ॲपचंही असंच. म्हणून अनोळखी नाव दिसलं की आधी गेल्या महिन्याभरात कुठं कुठं ओटीपी दिला ते आठवा, मग त्या एनबीएफसीच्या साइटवर जाऊन तिच्यासोबत काम करणाऱ्या ॲपची यादी बघा, ती जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेनंही २०२५ मध्ये स्वतःच्या साइटवर डिजिटल लोन ॲपची यादी टाकली आहे, कंपन्यांनी कळवलेली. त्या यादीत जे ॲपच नाही त्याच्यापासून लांब राहायचं.

आणि हो, फ्रिज घेतलाच नाही, पोरानं बघितलं आणि तुम्ही निघून आलात, तरी इन्क्वायरी लागली ती लागलीच. "फक्त बघून राहिलो" असं काही नसते. ओटीपी दिला म्हणजे परवानगी दिली.

दुसरा प्रकार फ्लॅटवाल्यांचा. बेसा, मनीषनगर साइडला फ्लॅट बुक केला की बिल्डरच्या ऑफिसातला डीएसए, म्हणजे बँकांना लोनचे गिऱ्हाईक आणून देणारा एजंट, म्हणते कागदं द्या, मी करतो सगळं. तो तुमची फाइल एकाच दिवशी चार-पाच बँकांत लॉगिन करते, कारण जिथं होईल तिथं त्याचं कमिशन पक्कं, आणि तुमच्या फोनवर धडाधड चार-पाच अलर्ट. हा फ्रॉड नाही, पण एवढ्या इन्क्वायऱ्या एकदम दिसल्या की पुढचा बँकवाला म्हणते हा माणूस पैशासाठी सगळीकडे फिरून राहिला. त्याला आधीच ठणकावून सांगायचं की मला विचारल्याशिवाय दुसऱ्या बँकेत फाइल टाकायची नाही, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहूनच सांगायचं.

नवीन खातं उघडल्याचा अलर्ट मात्र इन्क्वायरीपेक्षा जड. इन्क्वायरी म्हणजे कोणी दार वाजवलं, नवीन खातं म्हणजे माणूस घरात शिरला. तुम्ही घेतलेलं नसेल तर खालची तक्रारीची पायरी आजच, उद्या नाही.

पत्ता किंवा फोन बदलल्याचं दिसलं तर लोक सोडून देतात, ते सोडू नका. ही माहिती कोणत्या तरी लोनच्या फॉर्मवरून आलेली असते. जन्म नागपूरच्या महाल भागात गेला, शहराच्या बाहेर कधी भाड्यानं राहिले नाही, आणि रिपोर्टमध्ये तिसऱ्याच राज्यातला पत्ता, तर कोणीतरी तुमचा पॅन घेऊन कुठंतरी बसलंय असं धरून चालायचं, खातं अजून दिसत नसलं तरी.

हप्ता थकल्याचा अलर्ट आला तर आधी स्वतःचं स्टेटमेंट. बहुतेक वेळा खात्यात दोनशे रुपये कमी पडले आणि ऑटो डेबिट बाउन्स झालं, एवढंच असते. भरून टाका आणि पावती ठेवा. क्रेडिट कार्डाला एक सूट आहे जी फार लोकांना माहीत नाही: ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच कार्ड कंपनी ब्युरोला थकबाकी कळवू शकते आणि लेट फी लावू शकते. दोन दिवस उशीर झाला आणि तरी रिपोर्टमध्ये डाग, तर तो काढायला लावता येते. लोनच्या हप्त्याला ही सूट नाही हां.

भरून झाल्यावर रिपोर्ट लगेच सुधारत नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असं ठरलंय, आधी महिन्यातून एकदा जायची. बँकेकडून निघून ब्युरोत चढेपर्यंत काही दिवस आणखी जातात. त्यामुळे लोन बंद केलं, एनओसी (लोन फिटल्याचा दाखला) घेतली, तर साधारण महिनाभर थांबा आणि मग रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" आलं का ते बघा. परवा बंद केलं आणि आज तक्रार, असं नका करू.

"सेटल्ड" आणि "क्लोज्ड" मधला फरकही इथंच सांगून टाकतो. रिकव्हरीवाला फोन करून म्हणते साठ हजार आहे, पंचवीसमध्ये मिटवून टाकू, तुमचा सिबिल क्लिअर. मिटते, पण रिपोर्टवर "सेटल्ड" लागते, म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि पुढचा होम लोनवाला तेच आधी बघते. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याला सेटलमेंट करावीच लागते, त्यात लाज नाही, पण "क्लिअर" या शब्दावर भरोसा ठेवून करू नये.

माझं नाही हे, तर तक्रार कशी टाकायची

दोन ठिकाणी टाकायची, एकाच दिवशी. एक त्या बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे, दुसरी ब्युरोकडे. कारण ब्युरो स्वतःच्या मनानं काही खोडू शकत नाही, तो बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तरच बदलते. आणि नुसतं बँकेला सांगितलं तर कस्टमर केअरवाली गोड आवाजात "नोट केलं सर" म्हणते आणि पुढं काही हलत नाही. ब्युरोच्या साइटवर डिस्प्युट फॉर्म असते, फुकट असते, त्यात कंट्रोल नंबर टाकून कोणतं खातं, काय चूक ते लिहायचं. जेवढ्या ब्युरोंच्या रिपोर्टमध्ये ती नोंद दिसते तेवढ्या ठिकाणी वेगवेगळं.

कंपनीला ईमेल करताना रडगाणं नको, शिव्या तर अजिबात नको. साधारण असं लिहा:

"माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, कंट्रोल नंबर अमुक, आपल्या कंपनीचे अमुक क्रमांकाचे कर्ज खाते दिसत आहे. हे कर्ज मी घेतलेले नाही, त्यासाठी अर्ज केलेला नाही आणि त्याची रक्कम माझ्या कोणत्याही खात्यात आलेली नाही. कृपया मला अर्जाची प्रत, जोडलेली केवायसी कागदपत्रे आणि फोटो, ओटीपी ज्या मोबाईलवर गेला तो नंबर, आणि रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील द्यावा. चौकशी होईपर्यंत वसुलीची कारवाई थांबवावी आणि ही नोंद दुरुस्त करून सर्व ब्युरोंना कळवावे. तक्रार क्रमांक पाठवावा."

यातला सगळ्यात वजनदार प्रश्न पैसे कोणत्या खात्यात गेले हा. बाकी सगळ्यावर ते गोलगोल बोलू शकतात, यावर बोलता येत नाही, कारण तुमच्या खात्यात एक रुपया आलेला नसतो आणि ते त्यांच्या रेकॉर्डवरच लिहिलेलं असते. माझ्या ओळखीतल्या एका काकूंच्या नावावर ॲपवालं छोटं लोन निघालं होतं, कंपनी आठवडे आठवडे "केवायसी मॅच आहे मॅडम" एवढंच म्हणत होती. आम्ही फक्त या एका प्रश्नाला चिकटून राहिलो, मग खातं दुसऱ्याच माणसाचं निघालं आणि भाषाच बदलली.

एक गोष्ट करू नका. "दोन हजाराचंच आहे ना, भरून टाका, कटकट मिटवा" असं घरचे म्हणतील. लेखी नकार दिल्याशिवाय एक हप्ताही भरू नका, भरला की समोरचा म्हणते बघा, मान्य होतं म्हणूनच भरलं. उलटं, न मागता खात्यात पैसे येऊन पडले तर तेही खर्च करू नका, तसेच राहू द्या आणि बँकेला लेखी कळवा.

आता दिवसांचा हिशोब. तक्रार टाकल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. बँकेला त्यातले २१ दिवस, तेवढ्यात तिनं दुरुस्त माहिती ब्युरोला द्यायची. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला पाहिजे, ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानं द्यायचे, आणि निकाल लागल्यावर पाच कामाच्या दिवसांत खात्यात जमा करायचे. शंभर रुपयानं कोणी श्रीमंत होत नाही पण ईमेलमध्ये हा नियम तारखेसकट लिहिला की उत्तर येण्याचा वेग वाढते हे मी बघितलंय. फक्त "माझा स्कोअर इतका कमी काहून दिला" या तक्रारीला हे लागू नाही, स्कोअर कसा काढायचा हे ब्युरोचं गणित आहे. माहिती चुकीची आहे हे दाखवावं लागते. आणि बँकेनं दुरुस्तीला नकार दिला तर कारण सांगणं तिला भाग आहे, कारण मागून घ्या.

वरती कुठं जायचं

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा त्यांचा अधिकारी. ब्युरोसुद्धा १ सप्टेंबर २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आहेत, आधी फक्त बँका वगैरे होत्या. आपल्याकडे संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत उभी आहे म्हणून लोकांना वाटते की तिथं जाऊन अर्ज द्यायचा. जाऊ नका, उन्हातान्हात चक्कर होईल. तक्रार त्यांच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन होते, कागदावरच पाठवायची असेल तर तीही चंदीगडच्या केंद्राकडे जाते. काही विचारायचं असेल तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. लागते ते आधीच्या तक्रारीचा नंबर आणि तारीख, म्हणून तर मघापासून लेखी लेखी करून राहिलो.

तुमच्या नावावर कोणी लोन काढलं असेल तर तो गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांकडेही जायचं. खात्यातून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, तिथं मिनिटांचा फरक पडते. पैसे गेले नाहीत, नुसतं नाव वापरलं, तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि तिची पोचपावती काढून तीच प्रत कंपनीला आणि ब्युरोला जोडायची. जवळच्या ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जाताना रिपोर्टची प्रिंट, अलर्टचा स्क्रीनशॉट, कंपनीला केलेला ईमेल, सगळं एका फाइलमध्ये लावून न्या. समोरच्याला तुमची कहाणी ऐकायला वेळ नसते, फाइल चाळायला असते.

त्याच आठवड्यात संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघून टाका. खोट्या लोनसाठी आधी खोटं सिम काढलेलं असते, आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथंच "माझा नाही" असं कळवता येते. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून ठेवता येते, वापरायचं असेल तेव्हा उघडायचं.

सिबिल सुधारवून देणारे

खांबांवर, ऑटोच्या मागे, इंस्टावर, सगळीकडे यांच्या जाहिराती. "सात दिवसात सिबिल ७५० पार". खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही, ना एजंट ना ब्युरोतला ओळखीचा माणूस. खोटी नोंद तुम्ही फुकटात पुसून घेऊ शकता, वर सांगितलं तशी. मग हे पैसे कशाचे घेतात? तोच डिस्प्युट फॉर्म तुमच्या नावानं भरायचे, आणि त्यासाठी तुमचा पॅन, आधार, ओटीपी सगळं त्यांच्या हातात. म्हणजे ज्या चोरीची भीती होती तिची चावी आपणच देऊन आलो.

कागदांवरून आठवलं. झेरॉक्सच्या दुकानातून पॅन-आधार व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढली की ती फाइल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहते, कोणी डिलीट करत नाही. समोर उभं राहून डिलीट करायला लावा, तो चिडेल, चिडू द्या. जिथं चालते तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि प्रतीवर आडवं लिहा "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख, सही.

वही आणि चार रिपोर्ट

एक साधी वही ठेवा, फोनमध्ये नोट केली तरी चालते पण फोन बदलते. कुठं लोनचा अर्ज केला, कोणत्या दुकानात ओटीपी दिला, कोणाला जामीन राहिलो, कोणतं कार्ड बंद केलं, तारखेसकट एक एक ओळ. अलर्ट आला की वही उघडायची, ओळ सापडली तर मेसेज डिलीट, नाही सापडली तर रिपोर्ट काढायचा.

राहिला प्रश्न पैसे देऊन मॉनिटरिंगचा प्लॅन घ्यायचा का. ज्याच्या नावावर एकदा फ्रॉड होऊन गेला किंवा येत्या काही महिन्यांत होम लोन घ्यायचंय त्यानं घेतला तर समजू शकतो. बाकीच्यांना माझ्या मते गरज नाही. चार ब्युरो आहेत आणि चौघांचा एक एक रिपोर्ट वर्षाला फुकट आहे, तर चारही एकाच दिवशी काढून संपवू नका, जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये एक्सपिरियन, जुलैत इक्विफॅक्स, ऑक्टोबरमध्ये क्रिफ, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक नजर पडत राहते आणि खिशातून काही जात नाही. फोनमध्ये आत्ताच चार रिमाइंडर लावून टाका, आणि आईबाबांच्या पॅनचेही चार लावा, कारण त्यांच्याकडे आलेला अलर्ट ते वाचणार नाहीत, "बँकेचं काहीतरी आलं होतं" एवढंच सांगतील, तेही पुढच्या रविवारी.